माझ्याच हातचा संदर्भ

यंदा दिवाळीच्या आधीचे आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आमचे हे म्हणाले, "डॉक्टरकडं जाऊन ये." म्हटलं, डॉक्टर काय करणार? सत्तावीस वर्षांपूर्वी मी एक खोटं वाक्य लिहिलं होतं. ते छापून आलं होतं, आणि आता ते माइकवरून सगळ्या गावापुढं वाचलं जाणार होतं. ज्या बाईंचं श्रेय मी त्या वाक्यात दुसऱ्याच्या पदरात घातलं होतं, त्या पहिल्या रांगेत बसून ते ऐकणार होत्या. त्याच्यावर गोळी कुठं मिळते?

मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. आष्ट्याहून एस.टी.नं अर्ध्या तासावर गाव, दूध डेअरीच्या वर दोन खोल्या, तेच वाचनालय. माझा स्वभाव तापट. पानाचा कोपरा दुमडलेलं पुस्तक परत आलं की मी समोर फौजेतून रिटायर झालेला सुभेदार उभा असला तरी फैलावर घेते. "ताईंच्या तोंडाला लागू नका," असं गावात म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. अशा बाईनं खोटं लिहिलं, तर ते कुणाला खरं वाटणार नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

याची सुरुवात मात्र चांगली झाली होती. सांगलीत आम्हा ग्रंथपालांची एक कार्यशाळा झाली. इंटरनेटवरचा तो मुक्त ज्ञानकोश, जो कुणीही लिहू शकतो आणि लोक फुकट लिहितात, त्याचे दोन कार्यकर्ते पुण्याहून आले होते. एक तरुण मुलगी आणि एक चष्मेवाले गृहस्थ. मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक डोकेदुखी. पण ती मुलगी नेमकं बोलली. म्हणाली, "लिहिणारे आमच्याकडे आहेत, पुस्तकं तुमच्याकडे आहेत. आमच्या लेखांत जागोजागी 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं असतं. तो संदर्भ तुमच्या कपाटात असतो. रोज एक द्या, बास."

आयुष्यभर मी लोकांना पुस्तकं दिली, पण कुणी "तुमच्या कपाटात आहे" असं इतक्या मानानं म्हटलं नव्हतं. मी लागले नादाला. दुपारी दोन ते चार वाचनालयात चिटपाखरू नसतं. मी फोन उघडायची, कुठल्या तरी लेखात 'संदर्भ हवा' दिसायचं, कपाटातून पुस्तक काढायची, पान क्रमांक टाकायची. कुंडलच्या शेतीबद्दल एक, वाईच्या घाटांबद्दल दोन, असं करत महिन्याभरात मी चांगलीच सरावले. पुण्याच्या मुलीचा फोन यायचा, "मॅडम, कमाल करताय!" वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कुणी कमाल म्हटलं की माणूस वाहवत जातं. मी वाहवत गेले. तिनं विचारलं, "तुमच्या वाचनालयानं स्वतः काही छापलंय का? स्कॅन करून टाकू या." मी उड्या मारत आमची रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पंधरा दिवसांनी आमच्या गावाचा लेख उघडला. कुणीतरी, देव जाणे कुठं बसून, त्यात वाचनालयाचा परिच्छेद घातला होता. आधी छाती फुगली. मग वाचलं: 'वाचनालयाच्या उभारणीसाठी ज्यांनी स्वतःची जागा व स्वतःचा समग्र ग्रंथसंग्रह उदार अंतःकरणाने अर्पण केला...' आणि पुढं आमच्या आत्ताच्या अध्यक्षांच्या वडलांचं नाव. शेवटी बारीक आकडा. आकड्यावर बोट ठेवलं तर खाली आमची स्मरणिका, पान नऊ. त्या पानावर संकलक म्हणून माझं नाव.

'उदार अंतःकरणाने' हे माझेच शब्द. तेव्हा मला असले शब्द फार भारी वाटायचे.

खरं काय ते सांगते. जागा अध्यक्षांच्या वडलांनीच दिली, त्यात वाद नाही. पुस्तकं मात्र बाईंची. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या बाई, अख्खं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. मूळच्या वाईच्या. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत नवऱ्यानं टाकलं, मग त्यांनी मास्तरकीची परीक्षा दिली आणि नोकरी लागून आमच्या गावात आल्या. येताना दोन ट्रंका भरून पुस्तकं आणली. वाचनालय सुरू झालं ते त्या दोन ट्रंकांवर. मी पोरगी असताना पुस्तक घरी आणलं की शेवटच्या कोऱ्या पानावर हिरव्या शाईत बाईंची सही असायची. माझी आई शाळेत गेलेली नव्हती, तरी सही ओळखायची. म्हणायची, "बाईंचं पुस्तक हाय, चुलीपासनं लांब ठिव." पुस्तकं घरी नेणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं.

मग मी तसं का लिहिलं? भित्रेपणानं. नोकरीला लागून वर्षच झालं होतं, कायम झाले नव्हते. आत्ताचे अध्यक्ष तेव्हा नुकतेच अध्यक्ष झालेले, वडील वारून सहा महिने झालेले. त्यांनी दाखल नोंदवही माझ्यापुढं उघडून ठेवली. पहिल्या एकशे बेचाळीस पुस्तकांपुढं 'देणगी' आणि त्यांच्या वडलांचं नाव. "ताई, हे बगा, लिवलेलं हाय. आसंच छापा," म्हणाले. मी ओठापर्यंत आणलं होतं, की अहो ही तर बाईंची पुस्तकं. पण नोंदवहीत तसं नव्हतं, आणि समोर अध्यक्ष होते. मनाला समजावलं, की लिहिलेलं आहे ते खरं धरायचं, हेच तर आपलं काम. वर उदार अंतःकरण माझ्या पदरचं घातलं.

स्मरणिका निघाली आणि बाई वाचनालयात यायच्या बंद झाल्या. कुणी विचारलं तर मी सांगायची, "गुडघे दुखतात त्यांचे." बाईंच्या घरावरून जायला लागू नये म्हणून मी मारुतीच्या देवळाकडून वळसा घालून घरी जायला लागले. सत्तावीस वर्षं वळसा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

हे सगळं असंच गाडलं गेलं असतं. पण पुण्याच्या मुलीनं ठरवलं, की आमच्याच गावात कार्यक्रम घ्यायचा. वाचनालय आणि ज्ञानकोश मिळून. गावाचा लेख मोठ्यानं वाचायचा, लोकांनी त्यात भर घालायची. आणि गावातल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका म्हणून बाईंना तिनं फोनवरून परस्पर बोलावणंही केलं. मला उत्साहानं म्हणाली, "मॅडम, त्या 'येते' म्हणाल्या!"

मी "अरे वा" म्हटलं आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. आठ दिवस राहिले होते.

पहिल्या दिवशी सोपा मार्ग घेतला. लेख उघडला, ते वाक्य खोडलं, जतन केलं. सुटले म्हटलं. चहा करून येईपर्यंत वाक्य परत जागेवर! कुणा सदस्यानं माझा बदल उलटवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'संदर्भ असलेला मजकूर कारण न देता काढू नये.' मी पुन्हा काढलं. त्यानं पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा काढलं तर मलाच ताकीद आली. मला! ज्या बाईला गावात कुणी "अगं" म्हणत नाही, तिला कुठला कोण ताकीद देतो! मी रागानं लेखाच्या चर्चा पानावर लिहिलं, की ती स्मरणिका मीच लिहिली आहे, ते वाक्य खोटं आहे, हे मी सांगते आहे.

उत्तर अगदी अदबीनं आलं. 'आपलं म्हणणं खरं असू शकतं. पण आपण कोण हे आम्ही पडताळू शकत नाही. कृपया छापील स्रोत द्यावा.'

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर! माझ्या हातचं खोटं त्यांना चालत होतं, कारण ते छापलेलं होतं. माझ्या तोंडचं खरं चालत नव्हतं. आणि वाईट याचं वाटत होतं, की त्याचं चुकत नव्हतं. मीच महिनाभर इतरांच्या लेखांतून 'संदर्भ हवा, संदर्भ हवा' करत फिरत होते.

दुसऱ्या दिवसापासून शोध. बाईंची हिरव्या शाईतली सही असलेलं एक पुस्तक सापडलं तरी त्याचा फोटो दाखवता येईल, असं मला वाटलं. नोंदवहीतल्या पहिल्या एकशे बेचाळीस नोंदींमधली पुस्तकं मी कपाटातून काढायला घेतली. निघाली एकोणीस. बाकीची कुठं गेली ते मला विचारावं लागलं नाही. आदल्या वर्षी वाचनालयाची तपासणी होती. फाटकी, वाळवी लागलेली, कुणी न नेणारी पुस्तकं यादी करून, समितीची मंजुरी घेऊन रद्द करायची, त्याला आम्ही निर्लेखन म्हणतो. मी नियमानं केलं होतं. इतक्या स्वच्छ अक्षरात यादी केली, की तपासणीच्या साहेबांनी कौतुक केलं. आणि मग रद्दीवाल्याच्या टेम्पोत गठ्ठे चढवून घेताना मीच वर, "दोरी घट्ट बांधा हो" म्हणून ओरडत होते.

राहिलेल्या एकोणीसांवर आशा होती. ती मी आष्ट्याच्या बाइंडरकडून लाल रेक्झिनमध्ये बांधून घेतली होती. शेवटची पानं उघडून बघते तर कोरी करकरीत. बाइंडर काय करतो, पुढची-मागची मोकळी पानं फाडून टाकतो आणि नवी लावतो, त्याशिवाय पुठ्ठा धरत नाही. एकोणीसच्या एकोणीस सह्या गेलेल्या. मी टेबलावर डोकं टेकून बसले. माझ्या कामात कुणी खोट काढू शकत नव्हतं. तेवढ्या नीटसपणानं मी बाईंना पुसून काढलं होतं.

तेव्हा तरी बाईंकडं जायला हवं होतं की नाही? तीन गल्ल्या पलीकडं घर. पण पाय उचलेनात. जाऊन काय सांगू? "बाई, तुमचं नाव मी खाल्लं, आणि आता पुरावाही मीच रद्दीत घातला"? रोज सकाळी ठरवायची, आज जायचं, आणि रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळाकडून घरी.

पाचव्या दिवशी पुण्याच्या मुलीला फोन केला आणि सगळं ओकून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, स्मरणिकेत चूक असेल तर तुम्ही शुद्धिपत्र काढू शकता ना? संकलक तुम्हीच आहात. छापा, वाचनालयात ठेवा. मग तोही छापील स्रोत होईल." मला एकदम हलकं वाटलं. शुद्धिपत्र! हे मला कसं सुचलं नाही?

शुद्धिपत्र काढायचं तर अध्यक्षांच्या कानावर घालणं भाग होतं. ते उसाच्या तोडीच्या गडबडीत बांधावर उभे होते, तिथं गेले. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. भांडतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाजच पडला.

"ताई, आमच्या वडलांनी उभ्या जन्मात हे येकच नाव मागं ठेवलं. जमीन वाटली, घर वाटलं. ऱ्हायलं काय? हे वाचनालय. आन् तुमी त्यातलं निम्मं काढाय निगाला."

"आण्णा, जागा त्यांचीच आहे. ते कुणी काढत नाही."

"पन नोंदवहीत लिवलंय का न्हाई? मग आमचे वडील खोटं बोलले म्हंता?"

मी कागदाची घडी घातली. ते म्हणाले, "येक साल ऱ्हायलंय तुमचं. गुमान काढा की. मी सही करनार न्हाई." धमकी होती की विनवणी, मला अजून कळलेलं नाही. माझी नोकरी म्हणजे समितीची मर्जी. शेवटच्या वर्षी काढून टाकलं तर अठ्ठावीस वर्षांच्या शेवटी निरोपाचा नारळसुद्धा मिळायचा नाही. आमचे हे म्हणाले, "तुला काय पडलंय? बाईंनी कधी तोंड उघडलंय का?" तेच तर माझ्या जिवाला लागलं होतं. त्यांनी उघडलं नव्हतं.

सही माझी एकटीची टाकली. आष्ट्याच्या छापखान्यातून शंभर चिठ्ठ्या छापून आणल्या. 'स्मरणिकेच्या पान नऊवरील मजकूर चुकीचा असून वाचनालयास पहिले ग्रंथ दान देणाऱ्या व्यक्ती या गावच्या शिक्षिका बाई होत. चुकीची जबाबदारी संकलकाची आहे.' प्रत्येक स्मरणिकेत एक एक चिकटवली. डिंकानं बोटं चिकट झाली होती आणि मन, खोटं कशाला सांगू, थोडं ऐटीत होतं. नोकरी पणाला लावली ना मी!

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी दहाला. शंभरएक माणसं. अध्यक्ष स्टेजवर, मान वळवून खिडकीबाहेर बघत होते. बाई पुतणीच्या हाताला धरून आल्या. ऐंशी वर्षांच्या, अंगानं वाळलेल्या, डोळ्यांवर जाड भिंगं, तरी माणूस सावलीसारखंच दिसतं म्हणे त्यांना. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवून ओळखलं. "तू होय," एवढंच म्हणाल्या.

लेख वाचायच्या आधी मी माइक घेतला आणि शुद्धिपत्र वाचलं. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि वाजतच गेली. मी बाईंकडं बघितलं. त्या टाळी वाजवत नव्हत्या. त्यांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा. पुण्याच्या मुलीनं पळत जाऊन त्यांच्यापुढं दुसरा माइक धरला.

"हे छापायच्या आधी माझ्याकडे का आली नाहीस?" बाईंनी विचारलं.

"पुरावा शोधत होते, बाई."

"अगं, मी होते की जिवंत. तीन गल्ल्यांपलीकडे."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

"तेव्हा विचारलं नाहीस, आताही नाही. आणि आताही चुकलंयच. मी पुस्तकं दान दिली नव्हती."

अध्यक्षांनी मान वळवली.

"माझी भाड्याची खोली गळायची," बाई सावकाश, शिकवताना सांगत तसं सांगू लागल्या. "म्हणून पुस्तकं इथं ठेवायला दिली. लोकांनी वाचावीत, आणि माझं घर झालं की मी न्यावीत. पण नोंदवहीत दोनच प्रकार, खरेदी आणि देणगी. ठेवायला दिलेल्याचं कुठं लिहिणार? आणि टाकलेल्या बाईची पुस्तकं म्हटल्यावर लोक सुरुवातीला मुलींना पाठवायचे नाहीत. अध्यक्षांचे वडील म्हणाले, बाई, माझ्या नावावर घालतो, तुमी म्हनाल तवा न्या. शब्दाचा माणूस होता. ते काही खोटं बोलले नाहीत."

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला. बाईंनी पुढं सांगितलं, "माझं घर झालं त्या वर्षी ते वारले. आता पुस्तकं न्यावीत म्हणून मी निघणार, तर स्मरणिका हातात आली. छापून आलंय म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं मागणार? लोक म्हणाले असते, दुसऱ्याच्या दानावर हक्क सांगतेय. मग मी यायचंच सोडलं. पुस्तकं दिसली की मागावीशी वाटायची."

सत्तावीस वर्षं मी श्रेयाचं ओझं वाहत होते. श्रेय त्यांना नकोच होतं. माझ्या एका वाक्यानं त्यांची पुस्तकं त्यांना परकी झाली होती.

"आता मागते," बाई म्हणाल्या. "कुठं आहेत ती?"

माइक माझ्या हातात चालूच होता. धरणीमाते, पोटात घे, असं वाटलं. "बाई, एकोणीस राहिलीत," मी म्हटलं. "बाकीची मी गेल्या वर्षी रद्दीत दिली."

बाई पदर सावरत उठल्या. पुतणीला म्हणाल्या, "चल." कार्यक्रम तसाच पुढं उरकला गेला, मला त्यातलं काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस पुस्तकं पिशव्यांत भरून मी निघाले. कुठंही नोंद केली नाही. ग्रंथपालानं न नोंदवता पुस्तक बाहेर काढणं म्हणजे चोरीच, आणि ते मी वाचनालयाच्या पायरीवर उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत करत होते. "मार्चला तपासनी हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "लिहीन, मालकीण घेऊन गेली." त्यांनी माझ्या हातातली एक पिशवी घेतली. बाईंच्या दारापर्यंत आले, पण आत आले नाहीत. मार्चमध्ये ते समितीत काय बोलतील, याची मला अजून धास्ती आहे.

बाई पलंगावर बसल्या होत्या. मी पुस्तकं पुढ्यात ठेवली. त्या एकेकावरून हात फिरवत गेल्या. सगळी सारखी, कडक, रेक्झिनची. एकोणीसही हाताळून झाल्यावर त्यांनी पलंगावर आजूबाजूला चाचपलं.

"वही नाही का गं यात? पातळशी, मऊ पुठ्ठ्याची?"

"कसली वही, बाई?"

"माझ्या आईची. ट्रंकेत पुस्तकांबरोबर गेली होती. वाईला आमचं घर घाटालगत. दर पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं ते आई लिहून ठेवायची. अक्षर जेमतेम यायचं तिला, तरी लिहायची."

मला यादीतली ओळ लख्ख आठवली. माझ्याच अक्षरातली. 'हस्तलिखित वही, लेखकाचे नाव नाही, जीर्ण, निरुपयोगी.' दरवर्षी जिथं नदी घरात येईल की काय म्हणून लोक जीव मुठीत धरून बसतात, त्या मुलखात मी नदीची वही निरुपयोगी म्हणून टाकली होती.

"नाही राहिली, बाई," मी म्हटलं. आणि मला रडू कोसळलं. बाईंनी रडू दिलं. समजूत काढली नाही, रागावल्याही नाहीत. मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी डोळे पुसले, पिशवीतून कागद काढला आणि म्हटलं, "बाई, तुम्हाला त्यातलं काय आठवतं? सांगता?"

त्या सांगू लागल्या. सन आठवत नव्हते, गोष्टी आठवत होत्या. धाकटा भाऊ झाला त्या वर्षी पाचवी पायरी. आजी गेली त्या वर्षी पाणी मंदिराच्या ओट्याला. आईला टायफॉइड झाला त्या वर्षी तिसरी, आणि ते वडलांनी जाऊन बघितलं होतं. बाईंचं लग्न झालं त्या वर्षी सातवी. मी लिहीत होते. एकेका ओळीला त्या डोळे मिटून बराच वेळ घ्यायच्या, आणि प्रत्येक वेळी मला धास्ती वाटायची, की आता संपलं.

"मी सासरहून परत आले त्या वर्षी..." म्हणाल्या, आणि थांबल्या. ओठ हलत राहिले. "त्या वर्षीचं आठवत नाही. आईनं लिहिलंच नव्हतं, की मीच विसरले?"

मी पेन धरून वाट बघत राहिले.

"वही असती तर बघितलं असतं," बाई म्हणाल्या.